सात झुबके

पडद्यावर सातचा आकडा आला तेव्हा दर्शना घरतने आधी यंत्रावर संशय घेतला. तशी शिस्तच होती. नको तो आकडा दिसला की आधी नळी तपासायची, मग रसायन, मग गणित, आणि सगळ्यात शेवटी माणूस. तिने मोजणी पुन्हा लावली, खाली जाऊन चहा आणला आणि पेला हातात धरूनच पडद्याकडे बघितलं.

सात.

नमुना खा-११८. गट : तुलना.

पुण्याच्या या जनुक-संशोधन केंद्रात ती तीन वर्षं काम करत होती आणि त्यातलं शेवटचं वर्ष एकाच गावाच्या रक्तावर गेलं होतं. ते गाव तिचंच होतं. खारतळे, रायगड जिल्हा, खाडीच्या काठचं.

प्रत्येक मूल आईकडे नसलेले आणि बापाकडेही नसलेले असे साठ-सत्तर बदल घेऊन जन्माला येतं. डीएनएच्या तीन अब्ज अक्षरांची नक्कल करायची म्हटल्यावर तेवढ्या चुका व्हायच्याच. एरवी त्या विखुरलेल्या असतात, शेतात इथे एक तिथे एक उगवलेल्या तणासारख्या. पण बापाच्या शरीरातून किरणोत्सर्ग गेला असेल तर वेगळं घडतं. शुक्रपेशी बनवणाऱ्या पेशींमध्ये डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटतात, पेशी ते घाईघाईने सांधते आणि त्या सांध्यापाशी दोन-तीन चुका एकमेकींना चिकटून बसतात. केंद्रातले लोक त्यांना झुबके म्हणत. जुनी यंत्रं वाचतानाच इतक्या चुका करायची की खरे झुबके त्यांत हरवून जात. नवं यंत्र आई, बाप आणि मूल अशा तिघांचे जीनोम, म्हणजे ती सगळी अक्षरं, एका दुपारी या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचायचं, आणि मुलाच्या रक्तावरून सांगायचं, की त्याच्या जन्माआधी बापाला किती किरणं लागली होती.

साध्या माणसात शून्य किंवा एक झुबका असतो. क्वचित दोन.

झुबका म्हणजे आजार नव्हे. जीनोमचा बराचसा भाग असा आहे की तिथे दोन अक्षरं बदलली तरी कुणाचं काही बिघडत नाही. हे वाक्य दर्शनाने खारतळ्यात घरोघरी बसून शंभर वेळा उच्चारलं होतं. लोक मान हलवायचे आणि विचारायचे, "ते खरं गो बाय. पण आहे की नाय, एवढंच सांग."

त्या विचारण्यामागे सदतीस वर्षं होती. २००८च्या उन्हाळ्यात खाडीकाठी पाइपांचं यार्ड होतं. पाइपांचे जोड नीट बसलेत का ते बघायला गॅमा किरणांनी त्यांचे फोटो काढत. त्यासाठी इरिडियमचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा एका तारेच्या टोकाला बसवलेला असे. एके दिवशी तो तारेवरून सुटला आणि नळीतच राहिला. नळी गुंडाळून शेडच्या कोपऱ्यात ठेवली गेली, आणि अकरा दिवस गावातले मदतनीस तिच्या शेजारी बसून डबे खात होते. उघडकीला आल्यावर सगळ्यांच्या छातीवरचे बिल्ले तपासायला गेले. किरणं मोजण्यासाठीच ते बिल्ले दिलेले असत. ज्यांच्या बिल्ल्यांवर जास्त आकडा निघाला अशा एकवीस घरांची यादी झाली.

यादी औषधोपचारासाठी होती. दहा वर्षांत ती सोयरिकीसाठी वापरात आली. आता तर लग्न जुळवणाऱ्या ॲपवर गावाचं नाव टाकलं की घरांची नावं आपोआप समोर येत. यादीतल्या घरात मुलगी द्यायची नाही, आणि यादीतली मुलगी करायची तर बिजवराने करायची, तीही आधी तिचं ऑपरेशन करून. म्हणजे तिच्यात जे काय असेल ते तिच्यापाशीच संपेल.

घरतांचं घर यादीत नव्हतं. दर्शनाचे वडील काशिनाथ यार्डातच होते, पण त्या महिन्यात त्यांच्या बिल्ल्याने आधीच मर्यादा गाठली म्हणून मुकादमाने त्यांना घरी बसवलं होतं. हे गावाला ठाऊक होतं. म्हणूनच तर घरतांचं रक्त तुलनेच्या गटात होतं.

नमुन्यावर नाव नव्हतं. लावलेला क्रमांकही दोनदा बदललेला होता. पण तुलनेच्या गटात भाऊ आणि बहिणीत बारा वर्षांचं अंतर असलेलं घर एकच होतं. दादाचा जन्म ९८चा, तिचा २०१०चा. खा-११८ हा त्यांतल्या धाकटीचा नमुना होता.

दर्शनाने चहा न पिता पेला खाली ठेवला. मग तिने जे करायला नको होतं ते केलं. यादीतल्या घरांचा तक्ता उघडला आणि जुळे शोधले. खारतळ्यात एकसारख्या जुळ्यांचं घरही एकच होतं, पद्माकर भोईरांचं. थोरली हर्षाली, दर्शनाची शाळेपासूनची मैत्रीण, मग ते दोघे.

शून्य. शून्य. शून्य.

गावात सगळ्यात मोठा आकडा पद्माकर भोईरांच्या बिल्ल्याचा होता.

फोनवर हर्षालीचा तीन दिवसांपूर्वीचा निरोप अजून वरच होता. "सोमवारी ऑपरेशन, मंगळवारी घरी. लग्न एकवीसला. माणूस बरा वाटतो, पोरं दोन आहेत, धाकटी माझ्याशी बोलते. तू ये. तुझ्या घरच्यांना न विचारता ये."

आज गुरुवार होता.

*

डॉ. सुनीती अंतरकरांनी सगळं ऐकून घेतलं. अभ्यास त्यांचा होता, नियमही त्यांनीच लिहिले होते.

"नमुने कुणाचे आहेत हे तुला कळायला नको होतं," त्या म्हणाल्या.

"नको होतं. पण मॅडम, अडीचशे घरांचं गाव आहे. जुळे एका घरात आहेत. हे आपण रक्त घेण्याआधी ओळखायला हवं होतं."

"हो. हवं होतं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ग्रामसभेत ती अट कुणी घातली होती?"

"ताराबाई कडूंनी."

"काय म्हणाल्या होत्या?"

दर्शनाला ते पाठ होतं, कारण दोनशे बारा माणसांसमोर तिनेच ते वाचून दाखवलं होतं. रक्त घ्या, पण कुठल्या घराचं काय निघालं ते बाहेर पडता कामा नये. यादी एक झाली, दुसरी नको.

"भोईरांचं घर साफ आहे असं तू सांगितलंस," सुनीतीबाई म्हणाल्या, "तर उरलेली वीस घरं खरी ठरतील. आतापर्यंत त्यांच्याकडे निदान शंकेचा फायदा होता."

"आणि सोमवारी हर्षालीचं ऑपरेशन होईल."

"होईल."

"ती चौतीस वर्षांची आहे, मॅडम. तिला स्वतःला नकोय ते. सही मात्र तिची असेल, आणि आता कायद्याला सज्ञान बाईची सही पुरते."

"उपचार करता येईल असा आजार सापडला तरच आकडा सांगायचा, असा नियम आहे. यात आजार नाही." त्यांनी टेबलावरचा चष्मा सरळ केला. "तो नियम लिहिला तेव्हा मला हा सोमवार माहीत नव्हता. पण 'सांग तिला' असं माझ्याकडून वदवून घेऊ नकोस. मी म्हणणार नाही. दुसऱ्या कुणाचाही आकडा तुझ्या तोंडून बाहेर गेला तर मी अभ्यास बंद करीन."

"आणि माझा स्वतःचा?"

सुनीतीबाईंनी चष्मा परत लावला. "तुझा आकडा तुझा आहे. पण कुणाचाही आकडा त्याच्या एकट्याचा नसतो, हे तूच घरोघरी शिकवत फिरतेस."

*

रविवारी सकाळी ती गावी पोहोचली तेव्हा काशिनाथ अंगणात पांढऱ्या कांद्याच्या माळा विणत बसले होते. बहात्तराव्या वर्षीही त्यांची बोटं भराभर चालत. आत वहिनीची धांदल होती. शुक्रवारी आर्वीचा, म्हणजे दादाच्या मुलीचा साखरपुडा होता.

"आलीस? बरं झालं," वहिनी दारातूनच म्हणाली. "तुझ्या भावाला हॉलवाल्याचा फोन लागत नाही, जाऊन बसलाय तिकडेच. आणि बाबांना सांग, ते कांदे आता पुरे. पाहुण्यांना काय कांद्याचे हार घालायचेत?"

"घाल की," काशिनाथ म्हणाले. "हार सुकतो. कांदा वर्षभर टिकतो."

वहिनी हसत आत गेली. दर्शना वडिलांसमोर पाटावर बसली. कसं विचारायचं ते तिने एसटीत चार प्रकारे मनात मांडून बघितलं होतं. आता त्यातलं एकही आठवेना.

"बाबा, नळी शेडमध्ये पडून होती त्या अकरा दिवसांत तुम्ही यार्डात होतात."

बोटं थांबली नाहीत. "मला घरी बसवलेला. गावाला माहीत हाय."

"माझ्या रक्तात सात झुबके आहेत. यादीतल्या घरांतसुद्धा इतके फार थोड्यांत आहेत."

"यंत्र चुकत असेल."

"तीनदा मोजलं."

काशिनाथांनी माळ मांडीवर ठेवली. ते खाडीच्या बाजूला बघू लागले. तिथे आता यार्ड नव्हतं, खेकडे वाढवायच्या पेट्या होत्या. हर्षाली तिथेच कामाला जायची.

"पद्माकरचा सासरा वारला होता," ते म्हणाले. "सासऱ्याला मुलगा नव्हता. सगळं जावयानेच केलं, बाराव्यापर्यंत राहायला लागलं त्याला. तीन खाडे झाले की मुकादम दुसरा माणूस घ्यायचा. माझा बिल्ला भरलेला, मी घरी बसून. पद्माकर बोलला, काशिनाथ, माझ्या बिल्ल्यावर तू जा, माझी जागा राहील. सगळेच जायचे तसे. आज त्याच्यावर हा, उद्या ह्याच्यावर तो. मुकादमाला बिल्ले मोजायचे होते, तोंडं नाय."

"नंतर का नाही सांगितलंत?"

"तेव्हा सांगितला असता तर दोघांचंही काम गेलं असतं. मग यादी आली. मग तू झालीस."

दर्शनाने विचारलं, "भोईर आपल्याकडे येत नाहीत ते बांधावरून ना? इतकी वर्षं मी तेच ऐकतेय."

"बांधावरून कोण बारा वर्षं अबोला धरील?" त्यांनी एक कांदा उचलला आणि नुसताच हातात धरला. "हर्षालीची पहिली सोयरीक मोडली तेव्हा तो आला होता. तू बसलीस तिथेच बसला. बोलला, आता तरी बोल. तुझ्या मुलीएवढीच माझी आहे. मी बोललो, तुझा बिल्ला मी परत दिला, तो तपासायला नेईपर्यंत आठ दिवस तुझ्याच घरात टांगलेला होता ना? सगळं त्याच्यातच भरलेलं. म्हणजे ते तुझ्या घरात आलंच. मी बोललो काय नि नाय काय, सारखंच."

"आणि त्यांना ते पटलं?"

"चहा न घेता गेला."

"तुम्हाला पटलं होतं?"

काशिनाथांनी हातातला कांदा खाली ठेवला. "थोडं पटलेलं. तेव्हा थोडं पुरत होतं."

आत वहिनी कुणालातरी फोनवर हिरव्या साडीचा भाव विचारत होती. दर्शना म्हणाली, "उद्या मी हर्षालीकडे जाणार आहे. तिच्या घराचं मी काही बोलणार नाही. मला माझं सांगायचंय."

"तुझं सांगितलंस की ते माझं झालं. माझं झालं की या घराचं झालं. शुक्रवारी आर्वीचे लोक येणार."

"दादा अपघाताच्या दहा वर्षं आधी जन्मला. त्याच्यात काही असायचं कारणच नाही, आर्वीत तर नाहीच."

"ते तुला कळतं. ते लोक तारखा बघतील?"

गेलं वर्षभर ती तारखा, पिढ्या, टक्केवारी समजावून सांगत होती आणि अजून कुणी तारीख बघितलेली नव्हती.

"शनिवारपर्यंत थांब," काशिनाथ म्हणाले. "एवढा साखरपुडा होऊ दे. शनिवारी मी स्वतः जातो पद्माकरकडे. पाया पडतो त्याच्या."

"शनिवारी तिचं ऑपरेशन होऊन पाच दिवस झालेले असतील, बाबा."

मांडीवरची माळ त्यांनी पुन्हा हातात घेतली, दोन कांदे गुंफले, आणि मग तेच दोन कांदे परत सोडवले.

*

सोमवारी सकाळी आठला तालुक्याच्या गावातल्या त्या प्रसूतिगृहात पोहोचण्याआधी दर्शनाने रिक्षातूनच सुनीतीबाईंना लिहिलं. खा-११८ तुलनेच्या गटातून काढावा, त्या घरच्या माणसाला किरणं लागलेली आहेत. ते घर माझं आहे. तक्ता मी उघडला, त्याची जबाबदारी घेते.

पाठवल्यावर तिला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही.

पहिल्या मजल्यावरच्या बाकावर पद्माकर भोईर टोपी मांडीवर ठेवून बसले होते. त्यांनी तिला ओळखलं आणि नजर दुसरीकडे वळवली. आतल्या खाटेवर हर्षाली हिरव्या डगल्यात पाय हलवत बसली होती. शेजारच्या खुर्चीत चाळिशीची एक बाई होती, नवऱ्यामुलाची थोरली बहीण, सुमनताई. ती सोबतीला आली होती आणि ऑपरेशन खरंच होतंय ना ते बघायलाही.

"तू? साखरपुड्याचे लाडू सोडून?" हर्षाली म्हणाली. "की भूल द्यायला तूच येणार आहेस?"

"सही केलीस?"

"आता आणतेय ती नर्स. का?"

दर्शना उभीच राहिली. "हर्षा, तुझ्याबद्दल मी काही बोलणार नाही. बोलू शकत नाही. माझं एक सांगायचंय. माझ्यात सात झुबके आहेत."

हर्षालीला आधी हसू आलं. "काहीतरीच. तुमचं घर यादीत कुठाय?"

"नाही यादीत."

"मग सात आले कुठून? तुझ्या बाबांना तर घरी बसव..." ती थांबली. तिची नजर दर्शनाच्या खांद्यावरून दाराकडे गेली होती. पद्माकर बाकावरून उठून चौकटीत येऊन उभे होते. टोपी खाली पडलेली त्यांच्या लक्षात आली नव्हती.

"काशिनाथने सांगितलं तुला?" त्यांनी दर्शनाला विचारलं.

"काल."

"बाबा," हर्षाली म्हणाली, "काय सांगितलं?"

"मी यार्डात नव्हतो." पद्माकर चौकटीला धरूनच बोलत होते. "तुझ्या आजोबांचं बारावं होतं. माझ्या बिल्ल्यावर काशिनाथ होता. अकराही दिवस."

भिंतीवरचा पंखा एका बाजूने दुसऱ्या बाजूला वळला.

"तुम्हाला माहीत होतं," हर्षाली म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. "मी इथे हे घालून बसलेय. सकाळपासून उपाशी आहे. आणि तुम्ही बाहेर बाकावर बसला होतात."

"बिल्ला आपल्या घरात होता, पोरी. खुंटीला. तुझी आय त्याच खोलीत निजायची. काशिनाथने जे अकरा दिवस गोळा केलं ते सगळं त्याच्यात भरलेलं. मग दरवर्षी डॉक्टर बोलवायचे, पुस्तकात आकडा बघून सांगायचे, तुम्हाला फार लागलंय. वीस वर्षं ऐकलं ते. पहिल्यांदा वाटायचं, मी नव्हतो. मग वाटायला लागलं, कुठूनतरी आलंच असेल. एवढे शिकलेले लोक कशाला खोटं बोलतील?"

"काका," दर्शना म्हणाली. "बिल्ल्यात काही भरत नाही. बिल्ला फक्त मोजतो. वजनकाट्यावर मासळी ठेवली म्हणून काट्यात मासळी राहते का?"

पद्माकरांनी यावर खरोखर विचार केला. "वास राहतो, बाय."

"याचा तोही राहत नाही. किरणं त्यातून पार जातात. तो बिल्ला तुम्ही उशाखाली घेऊन झोपला असतात तरी तुम्हाला, काकूंना, कुणालाच काही झालं नसतं. हे मी कुणाच्या रक्तावरून सांगत नाही. शाळेच्या पुस्तकात असतं तेवढंच सांगतेय."

ते हळूहळू खाली बसले, तिथेच उंबऱ्यावर. हर्षाली त्यांच्याकडे बघत राहिली. पुढे झाली नाही.

बोलली ती सुमनताई. तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा आनंद होता. "म्हणजे हिच्यात काही नाहीच! अगं मग कशाला ऑपरेशन? मी भावाला कळवते. त्यालाही ते मनापासून नव्हतंच. फक्त यांच्या केंद्राचा तसा कागद मिळाला की झालं." ती दर्शनाकडे वळली. "देता ना?" आणि विचारता विचारता तिने शेजारच्या स्टुलावर, दर्शनाच्या हाताशी ठेवलेली आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. डब्याची पिशवी होती. तिने ते मुद्दाम केलं नसावं.

हर्षालीने ते बघितलं.

"मी मागितला तर मिळेल माझा आकडा?" तिने दर्शनाला विचारलं.

"लेखी मागितलास तर मॅडमना उत्तर द्यावं लागेल. मी सांगणार नाही."

"पण तुला माहीत आहे."

दर्शनाने ओढणी सारखी केली.

"तोंडावर काही दिसत नाही हिच्या," हर्षाली म्हणाली. "शाळेत पण अशीच. निकाल हातात घेऊन यायची आणि कळायचं नाही पास की नापास." तिने डगल्याची गाठ चाचपली. "सात असून तुला काय होतं?"

"काही नाही. आतापर्यंत काही नाही. उद्या मला मूल झालं तर त्याला काही होण्याची शक्यता इतर कुठल्याही बाईपेक्षा किंचित जास्त असेल किंवा नसेलही. इतकी कमी आहे की अजून नीट मोजता आलेली नाही."

"तरी ही पिशवी उचलते."

"मी?" सुमनताई म्हणाली. "अगं, सहज उचलली. डबा सांडेल म्हणून."

"मग माझं शून्य निघालं तर मी घरी जायचं. आणि यादीतल्या कडूंच्या रोहिणीचं पाच निघालं तर तिने या खाटेवर यायचं. असंच ना?" हर्षाली खाटेवरून उतरली. थंड फरशीवर तिचे पाय क्षणभर आखडले. "मला नको आकडा."

"वेडी आहेस का?" सुमनताई उभी राहिली. "कागदाशिवाय घरात कसं पटवू मी? आणि ही म्हणते ते खरं असेल तर त्या घरतांचं..." तिने वाक्य अर्धं सोडलं, पर्समधून फोन काढला आणि उंबऱ्यावरच्या पद्माकरांना वळसा घालून बाहेर गेली. व्हरांड्यातून तिचा आवाज ऐकू येत राहिला. त्यात घरत हे नाव दोनदा आलं.

दुपारपर्यंत ते खारतळ्यात पोहोचेल, दर्शनाच्या मनात आलं. संध्याकाळपर्यंत आर्वीच्या होणाऱ्या सासरी. तिचा हात आपोआप फोनकडे गेला, आणि दादाला आपणच आधी सांगायला हवं हे कळूनही तिला एकही शब्द सुचेना.

"आर्वीचं मोडेल," ती म्हणाली.

"मोडेल," हर्षाली म्हणाली. "किंवा नाही मोडणार. माझी चार मोडली." मग थोड्या वेळाने, "तुझे बाबा आले नाहीत."

"शनिवारी येतो म्हणाले."

"ते शनिवारी येणार, हे बारा वर्षं उंबऱ्यावर बसणार." तिने वडिलांकडे बघितलं. ते मान खाली घालून फरशीच्या सांध्यावरून बोट फिरवत होते. "उठा, बाबा. येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय लागेल."

नर्स हातात पाटी घेऊन आली. तिने सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता पाटी हर्षालीपुढे धरली. खाली सहीसाठी चौकोन चमकत होता.

"मी करत नाही," हर्षाली म्हणाली.

"आज नाही की नंतर?"

"कधीच नाही."

"मग रद्द करावं लागेल. कारण निवडा." नर्सने पडदा सरकवला. "ताप, रक्तदाब, उपाशीपोटी नाही, नातेवाईक गैरहजर. यातलं काय?"

"इच्छा नाही."

नर्सने यादी वर-खाली करून बघितली. "असा पर्याय नाहीये यात, ताई. ताप लिहू का? डॉक्टर काही विचारणार नाहीत."

"ताप नाही मला. हाताने लिहा."

नर्सने खिसे चाचपले, मग टेबलाचा खण उघडून एक पेन शोधलं. ते चालत नव्हतं. तिने ते तळहातावर चार वेळा घासलं तेव्हा चाललं. केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ती सावकाश लिहू लागली आणि मध्येच थांबली.

"कुणाची इच्छा नाही म्हणून लिहू? नवऱ्याकडची, की वडिलांची?"

"माझी," हर्षाली म्हणाली.